पोवळ्यांचें पथ्यपाणी

कोल्हापुरास समुद्र नाहीं; पण घाट उतरून मालवण गांठावयास एक सकाळ पुरते. तेथून परत आलेल्या मंडळींच्या मनांत समुद्र कांहीं दिवस घोळत राहतो, आणि मग एखाद्याच्या दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याची कांचपेटी येऊन बसते. तींत मासे पाळणें हा त्यांतल्या त्यांत सोपा भाग. पोवळीं पाळावयाचीं म्हटलें कीं मात्र घरधन्यास थोडेंसें रसायनशास्त्र शिकावें लागतें. त्यासंबंधीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

पोवळें म्हटलें कीं आपल्याकडे प्रथम गुजरींतील सराफाची पेढी आठवते. अंगठींतलें तें तांबडें पोवळें निराळ्या जातीचें. टाकींत राहणारें पोवळें म्हणजे प्रवाळभिंती बांधणाऱ्या सूक्ष्म जीवांचें एकत्र कुटुंब होय. पाण्यांत विरघळलेला चुना उचलून हे जीव आपलें घर बांधतात, आणि त्या घरावरच आयुष्यभर बसून राहतात.

येथें एक गोष्ट आधींच सांगून टाकतों. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवरून पोवळ्याचा तुकडा उचलून आणणें हा गुन्हा आहे. त्या भागास १९८७ सालीं सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि २००१ सालीं आपल्याकडील सर्व पाषाणप्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घालण्यांत आले. कायद्याच्या दृष्टीनें वाघ आणि पोवळें एकाच पंक्तीस बसले! मेलेला तुकडाही याला अपवाद नाहीं. परदेशांत टाकींतच वाढविलेलें पोवळें घेणाऱ्यानेंही आयातीचे रीतसर कागद पाहिल्याखेरीज पैसे देऊं नयेत.

आतां पाण्याकडे वळूं. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारें १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतें. तिसरी वस्तु म्हणजे अल्कलिनिटी, अर्थात् आम्ल पचविण्याची पाण्याची शक्ति. ही मुख्यतः खाण्याच्या सोड्यांत असतो त्याच बायकार्बोनेटमुळें येते. जर्मन मापानें ती समुद्रांत सुमारें ७ अंश भरते. टाकींत साडेसात ते साडेआठ ठेवावी. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळून पोवळ्याचा सांगाडा होतो. मॅग्नेशियमचें काम वेगळें आहे. चुना पाण्यांतच गोठून तळाशीं बसूं नये म्हणून तें मध्यस्थासारखें आड येतें.

पहिल्या दोहोंच्या हिशेबांत एक गंमत आहे, आणि नवशिका माणूस तेथेंच फसतो. पोवळ्यांनीं जेव्हां २.८ अंश अल्कलिनिटी खाल्ली, तेव्हां कॅल्शियम लिटरमागें अवघें २० मिलिग्रॅम उतरलेलें असतें. म्हणजे एका कोठारांतून तिजाई धान्य गेलें, तर दुसऱ्यांतून विसावा हिस्सा. म्हणून अल्कलिनिटी दर दोन-तीन दिवसांनीं तपासावी, कॅल्शियम आठवड्यानें पाहिलें तरी चालतें, आणि मॅग्नेशियमला महिन्यांतून एक-दोन वेळां विचारपूस पुरे.

परीक्षेची पेटी बाजारांत मिळते. कांचेच्या नळींत ५ मिलिलिटर पाणी घेऊन त्यांत औषधाचे थेंब मोजीत टाकावयाचे. निळा रंग पालटून पिवळा होईतों जितके थेंब लागले तितके अंश. पण एका थेंबाला एक अंश हें माप फार जाड आहे. म्हणून पाणी दुप्पट, म्हणजे १० मिलिलिटर घ्यावें. मग प्रत्येक थेंब अर्ध्या अंशाचा होतो. परीक्षा नेहमीं दिवसाच्या एकाच वेळीं, एकाच प्रकाशांत करावी. औषधाच्या बाटलीवरील मुदतही पाहावी. शिळ्या औषधानें केलेली परीक्षा ही न केलेल्या परीक्षेपेक्षां वाईट, कारण तिच्यावर आपण विश्वास ठेवतों.

मीं स्वतः या बाबतींत एकदां चांगलीच ठेंच खाल्ली. माझ्या टाकींत पाणी सुमारें २०० लिटर. एका संध्याकाळीं कॅल्शियम ३५५, मॅग्नेशियम १,०९० आणि अल्कलिनिटी सवासहा अंश निघाली. मी घाबरलों. बाटल्या काढल्या, आणि त्याच बैठकींत जवळजवळ पन्नास ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड व त्याच्या पाठोपाठ सोडा टाकींत ओतला. दहा मिनिटांत पाणी ताकासारखें झालें. सकाळीं तें निवळलें खरें, पण पंपावर पांढरें पूट चढलें होतें आणि अल्कलिनिटी आदल्या दिवसापेक्षांही खालीं गेली होती. घातलेलें औषध पोवळ्यांच्या मुखीं न लागतां दगड होऊन बसलें होतें. आठवड्याभरांत एका पोवळ्याची कातडी सुटून पांढरा सांगाडा उघडा पडला.

चूक कोठें होती? तिन्ही आंकडे सारख्याच प्रमाणांत, म्हणजे शेंकडा पंधराच्या आसपास, कमी होते. पोवळीं तीन वस्तू अशा समभागानें कधींच खात नाहींत. कमी होतें तें मीठच! खारटपणा मोजण्याच्या माझ्या यंत्राच्या कांट्याला हवेचा बुडबुडा चिकटून तो वर तरंगला होता. म्हणून विशिष्ट गुरुत्व १.०२६ दिसत होतें, प्रत्यक्षांत होतें १.०२२ ते १.०२३ च्या दरम्यान. समुद्री मीठ मोजून, तीन दिवसांत सावकाश वाढविलें असतें तर काम भागलें असतें. तेव्हांपासून मी प्रथम खारटपणा पाहतों, नंतर बाकीचें.

मात्रा ठरविण्याची रीत अगदीं सोपी आहे. बाटलीवर रोज एक झांकण घाला असें लिहिलेलें असतें. पण ती बाटली भरणाऱ्याला आपल्या टाकींत किती पोवळीं आहेत हें कोठून ठाऊक असणार? त्यापेक्षां तीन दिवस कांहींच घालूं नये. सोमवारीं सकाळीं ८.२ आणि गुरुवारीं सकाळीं ७.३ निघाले तर रोजचा खर्च ०.३ अंश झाला. शंभर लिटर पाण्यांत एक अंश चढविण्यास ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. म्हणजे २०० लिटरांस रोज १.८ ग्रॅम. त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड सुमारें १.६ ग्रॅम. दोन्ही निरनिराळ्या पाण्यांत विरघळवून, मध्यें कांहीं तास जाऊं देऊन, पंपाच्या प्रवाहांत थेंबथेंब सोडावीं. एका दिवसांत अल्कलिनिटी एका अंशाहून अधिक चढवूं नये. पोवळीं वाढलीं कीं भूकही वाढते; तेव्हां महिन्यानें पुन्हां तीन दिवसांचा उपास.

ज्यांना दोन बाटल्यांचा व्याप नको त्यांच्यासाठीं आपल्या घरांतलीच एक वस्तु आहे, ती म्हणजे चुन्याची निवळी. लहान मुलांना आजीबाई देत असत तीच. तींतून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही हव्या त्या प्रमाणांतच मिळतात. वरील टाकीला रोज अर्धा लिटर दाट निवळी पुरते. मात्र चुना पानाच्या डबींतला नको, शुद्ध हवा. निवळीच घ्यावयाची, गाळ नव्हे. आणि ती रात्रीं, वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागीं, सलाइनच्या नळीनें ठिबकत ठेवावी. निवळी फार दाहक असते. एकदम ओतली तर मासे मरतात.

वाफेची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतों. चैत्र-वैशाखांत कोल्हापुरांतली उघडी टाकी रोज बरेंच पाणी गमावते. जातें तें गोडें पाणी. मीठ मागेंच राहतें. म्हणून भर घालावयाची ती शुद्ध, गाळलेल्या गोड्या पाण्याची. नळाचें पाणी सरळ ओतूं नये. जुन्या नळांतलें थोडेंसें तांबेंही पोवळ्यांस विष होतें. टाकीशेजारीं एक वही दोरीनें बांधून ठेवावी आणि तारीख, आंकडे व घातलेली मात्रा तींत लिहावी. आमच्या घरीं हें काम धाकट्या मुलीकडे आहे. औषधाचा थेंब पडण्याआधीं ती मागचा आंकडा वाचून दाखविते, आणि तो ऐकल्याशिवाय मला बाटलीस हात लावूं देत नाहीं.