रजोनिवृत्तीपूर्व काळ आणि उपस्थाता पती

चिकित्सेच्या चतुष्पादांत चरकाचार्यांनी वैद्य, द्रव्य व रुग्ण यांच्या जोडीला उपस्थात्यासही स्थान दिले आहे. त्याच्या गुणांत अनुराग आहे, तशीच उपचारज्ञताही आहे. पत्नीच्या रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर पतीजवळ अनुराग बहुधा असतो. उणीव असते ती उपचारज्ञतेची. ती भरून काढणे हे आपले, वैद्यांचे काम आहे, असे आम्हांस वाटते.

"हिला शांत करणारे काहीतरी द्या," ही अशा पतींची नेहमीची मागणी. अशा वेळी आम्ही प्रथम स्त्रीशी एकांतात बोलतो व तिच्या संमतीनेच पतीस आत बोलावितो. हा क्रम चुकवू नये; पतीसमोर ती रक्तस्रावाविषयी किंवा शरीरसंबंधातील वेदनेविषयी मोकळेपणाने सांगेलच असे नाही.

सुश्रुताचार्यांनी रजःप्रवृत्तीचा काळ १२ ते ५० वर्षे सांगितला आहे. भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्ती सरासरीने ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास येते. सलग १२ महिने पाळी न आल्यावरच ती झाली असे म्हणता येते. त्याआधीची काही वर्षे पित्तावस्थेतून वातावस्थेकडे जाणारी, म्हणून अस्थिर. या काळात इस्ट्रोजेन सरळ रेषेत उतरत नाही, वरखाली होते. मेंदूतील तापनियंत्रण बिघडून अकस्मात दाह व घाम येतो, रात्री झोप मोडते. ज्या चिडचिडीची पती तक्रार करतो, तिचे मूळ पुष्कळदा या मोडलेल्या झोपेत असते. एवढे समजावून सांगितले तरी त्याचा सूर बदलतो, असा आमचा अनुभव आहे.

मग त्याने करावे काय? रात्री पंखा लावण्यावरून वाद घालू नये, स्वतः पांघरूण घ्यावे. घरात तिखट, चहा व मद्य यांचा आग्रह सोडावा. पाहुण्यांसमोर तिच्या घामाची वा विसरण्याची थट्टा करू नये. (सासूबाईंच्या शेऱ्यांनाही त्यानेच उत्तर द्यावे, तिने नव्हे.) योनिशुष्कतेमुळे संबंध वेदनादायक होतात, तिचा नकार म्हणजे प्रेमाचा अभाव नव्हे, हे वैद्याने स्पष्ट शब्दांत सांगावे. स्थानिक स्नेहन सुचविताना एक गोष्ट विसरू नये : तेलाने लॅटेक्सचे निरोध कमकुवत होतात. पाळी अनियमित झाली तरी गर्भधारणा संभवते, म्हणून गर्भनिरोधनाची चौकशी अवश्य करावी.

औषधालयचालक बंधुभगिनींना एक विनंती. पत्नीसाठी म्हणून पती अशोकारिष्टाची बाटली मागतो, तेव्हा स्राव किती व किती दिवस, हे विचारावे. अतिस्राव, दोन पाळ्यांमधील स्राव, तसेच वर्षभर पाळी थांबल्यानंतरचा थेंबभर स्रावही तपासणीवाचून औषध देण्याजोगा नव्हे. सोनोग्राफी, प्रसंगी गर्भाशयाच्या अंतःस्तराची बायोप्सी, हिमोग्लोबिन व थायरॉइड यांसाठी अशा स्त्रीस स्त्रीरोगतज्ज्ञांकडे धाडावे. स्तनाच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास असल्यास शतावरीही आपल्या मनाने देऊ नये. अश्वगंधा देताना थायरॉइड व यकृताची चौकशी करावी.

पतीस शेवटी आम्ही एक काम सोपवितो. घरच्या कॅलेंडरवर पत्नीच्या सांगण्याप्रमाणे पाळीच्या तारखा, स्रावाचे प्रमाण व झोप मोडलेल्या रात्री यांची खूण करावी आणि तीन महिन्यांनी ते पान तिच्यासोबत घेऊन यावे.