छताचे पोपडे बघून टोकन द्यायचे की नाही?

नोकरीत पाच-सात वर्षे गेली, थोडी शिल्लक पडली, की आपल्यातले बरेच तरुण कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ पट्ट्यात रिसेल फ्लॅट शोधू लागतात. नवा परवडत नाही आणि भाड्याने घर मागताना आडनावावरून होणाऱ्या चौकशीला लोक विटलेले असतात. या घाईतच फसगत होते.

मागच्या वर्षी एका सहकाऱ्यासोबत आम्ही असाच एक फ्लॅट पाहायला गेलो. बेडरूमच्या छताला पोपडे सुटले होते. एजंट म्हणाला, "पावसाचं आहे, रंग मारला की झालं." कधीकधी तेवढेच असतेही. पुट्टी नीट सुकण्याआधी रंग मारला असेल किंवा न्हाणीघराची वाफ बाहेर जायला जागा नसेल, तर पापुद्रे सुटतात. तो खर्च किरकोळ. पण सुटलेला रंग हे फक्त लक्षण आहे, आजार त्याच्या मागे असतो.

आधी डाग पाहा. कडेला तपकिरी रेघ असलेला गोल डाग म्हणजे तिथे पाणी येऊन वाळले आहे. एकात एक अशा रेघा दिसल्या तर ते पुन्हा पुन्हा आले आहे. पांढरी पूड, म्हणजे लोणा, दिसला तरी ओल आतून येते आहे असे समजा. मग त्याच जागेवर वरच्या मजल्यावर काय आहे ते विचारा. संडास-बाथरूम असेल तर नहाणी ट्रॅप किंवा पाइपचा सांधा गळत असण्याची शक्यता जास्त. वर गच्ची असेल तर वॉटरप्रूफिंग गेलेले असू शकते.

खरी भीती तिसऱ्या कारणाची. पाणी स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि खालचे काँक्रीट ढकलून फोडतो. अशा वेळी पोपड्यांसोबत सरळ रेषेत जाणाऱ्या भेगा दिसतात, कारण त्या सळईच्या मागेमागे धावतात. गंजाचे तांबूस ओघळ दिसतात, फुगवटा येतो. काठीने हलके ठोकून पाहा. भरीव जागेचा आवाज टणक येतो, सुटलेल्या जागेचा पोकळ. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात स्लॅब कोसळून माणसे दगावली, हे विसरू नका.

एकाच खोलीचे छत ताजे रंगवलेले असेल किंवा एकाच कोपऱ्यात पीओपी केलेले असेल, तर जास्त संशय घ्या. एप्रिलमध्ये कोरडे दिसणारे छत जुलैत ठिबकते. जमल्यास मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा जा. वरच्या शेजाऱ्यांशी आणि वॉचमनशी बोला. एजंटपेक्षा वॉचमन खरे सांगतो, हा आमचा अनुभव.

दुरुस्ती कोणी करायची? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून गळती असेल तर खर्च सोसायटीचा. वरच्या मजल्यावरच्या छताचे गच्चीच्या गळतीने पडलेले प्लास्टरही त्यातच येते. एखाद्या सदनिकेच्या आतल्या संडास-बाथरूममधून पाणी येत असेल तर तो खर्च त्या सभासदाचा. म्हणून गळतीची तक्रार झाली होती का, ते सोसायटीच्या ऑफिसात विचारा आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. याच उपविधींत १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी करायला सांगितले आहे. अहवाल दाखवायला टाळाटाळ झाली तर समजून जा. दुरुस्तीचा फंड शिल्लक आहे का, हेही बघा, नाहीतर मोठ्या दुरुस्तीची वर्गणी नव्या मालकाच्या गळ्यात पडते.

"बँकेने लोन पास केलं म्हणजे बिल्डिंग चांगली" असे पुष्कळजण धरून चालतात. बँकेचा माणूस मुख्यतः बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते पाहतो. तुमच्या छतावर काठी ठोकत बसत नाही. त्यासाठी स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या, आणि टोकन देण्याआधी न्या. त्याची फी घराच्या किमतीपुढे नगण्य असते. विक्रेता "मी करून देतो" म्हणाला तर कोणते काम, कधीपर्यंत, हे करारात लिहून घ्या आणि तेवढी रक्कम काम होईपर्यंत रोखून ठेवा.

आमच्या सहकाऱ्याने त्या छताला काठी लावू का, असे विचारले. मालक म्हणाले, "प्लास्टर पडेल." आम्ही चहा घेतला आणि जिना उतरलो.