पाटी मराठी, पाकीट इंग्रजी : ठाकूरद्वारच्या बाजारात कोणते इंग्रजी कामाला येते?

ठाकूरद्वार नाक्यावर उभे राहून नुसती मान फिरवली तरी मेडिकल, जनरल स्टोअर्स, मॅचिंग सेंटर, झेरॉक्स, डेपो असे शब्द दिसतात. अक्षरे देवनागरी, शब्द बहुतेक इंग्रजी. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्याला वाटते, बाजारापुरते इंग्रजी आपल्याला येतेच की! पण यातले बरेच शब्द मुंबईबाहेर त्याच अर्थाने चालत नाहीत. शिवाय ज्या इंग्रजीशी आपल्या पैशांचा थेट संबंध आहे, ते पाटीवर नसतेच. ते पाकिटावर आणि बिलावर बारीक अक्षरात छापलेले असते.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याआधी मराठी माध्यमात शिकलेल्यांना एबीसीडी भेटली ती पाचवीत. आज घरचा बाजार करणाऱ्यांत ही पिढी मोठी आहे. तिच्यासाठी हा बाजारातल्या इंग्रजीचा उलगडा.

पाट्या देवनागरीत का आल्या?

दुकाने व आस्थापनांसाठी राज्याचा २०१७ चा कायदा आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने मराठी पाटीच्या सक्तीतून सुटत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ही पळवाट बंद झाली. पाटीवर मराठी देवनागरीत हवी आणि इतर लिपीतली अक्षरे त्यापेक्षा मोठी नकोत, असे बंधन सर्व दुकानांवर आले. व्यापाऱ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

त्यातून शिकणाऱ्याचा एक फायदा झाला. शेजारी इंग्रजी पाटी असेल तर स्पेलिंग आणि उच्चार एकाच वेळी वाचता येतात. घरापासून स्टेशनपर्यंत चालताना फुकटचा सराव होतो.

पाटीवर एक, इंग्रजीत दुसरे

- मेडिकल : इंग्रजीत हे विशेषण आहे, दुकानाचे नाव नाही. ब्रिटनमध्ये केमिस्ट किंवा फार्मसी, अमेरिकेत फार्मसी किंवा ड्रगस्टोअर म्हणतात. आपल्याकडच्या पाटीवरचे ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ हे शब्द १९४५ च्या औषध नियमांतून आले आहेत. जिथे नोंदणीकृत फार्मासिस्ट असतो, पण औषध तयार करून देण्याची सोय नसते, अशा दुकानासाठी ते ठरवलेले आहेत.
- हॉटेल : आपण हॉटेलात मिसळ खातो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. नुसते खायचे असेल तर रेस्टॉरंट. ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होमचे नाव ऐकून परदेशी पाहुण्याला दवाखाना आठवेल, गिरगावकराला मात्र मिसळच आठवते.
- सलून : केस कापण्याच्या दुकानावर बहुतेक वेळा दोन ओ असलेले स्पेलिंग दिसते. त्याचा एक अर्थ दारूचा बार असाही होतो. केस कापण्याच्या जागेला एका ओचे सलॉन किंवा बार्बर शॉप म्हणा.
- डेपो : गिरगाव पंचे डेपो किंवा कुठलाही बुक डेपो आपल्याला दुकान म्हणून माहीत आहे. बाहेर डेपो म्हणजे गोदाम, नाहीतर बस उभ्या करण्याची जागा. पुस्तकांच्या दुकानाला बुकशॉप किंवा बुकस्टोअर हा शब्द वापरा.
- झेरॉक्स : हे एका कंपनीचे नाव आहे. कामाचा शब्द फोटोकॉपी.
- किराणा : वाण्याचे दुकान म्हणजे ग्रोसरी स्टोअर. भाजीफळांच्या दुकानाला ब्रिटनमध्ये ग्रीनग्रोसर म्हणतात. रस्त्यावर टोपली घेऊन बसणारा किंवा गाडी लावणारा तो व्हेंडर.
- कापड : इथे सर्वात जास्त गोंधळ होतो. क्लॉथ म्हणजे कापड, क्लोद्ज म्हणजे कपडे. जवळच्या मंगलदास मार्केटमध्ये ताग्यातून फाडून मिळते ते क्लॉथ किंवा फॅब्रिक. शिवलेला शर्ट घ्यायचा असेल तर क्लोद्ज शॉप शोधा.

दीड, अडीच, पावणेदोन

मराठी माणूस भाव मनात पटकन धरतो, कारण आपल्याकडे अपूर्णांकांसाठी स्वतंत्र शब्द आहेत. इंग्रजीत ते नाहीत. त्यामुळे दीड आणि अडीच बोलताना भलेभले अडखळतात. पुढचे पाठच करून टाका.

- पाव किलो : क्वार्टर किलो किंवा टू हंड्रेड फिफ्टी ग्रॅम्स
- सव्वा किलो : वन अँड अ क्वार्टर किलो
- दीड किलो : वन अँड अ हाफ किलो
- पावणेदोन किलो : वन अँड थ्री क्वार्टर किलो
- अडीच किलो : टू अँड अ हाफ किलो

शंभराच्या घरात गेल्यावर अपूर्णांक विसरा आणि सरळ आकडा सांगा. सव्वाशे म्हणजे वन हंड्रेड ट्वेंटी फाइव्ह, पावणेदोनशे म्हणजे वन हंड्रेड सेव्हंटी फाइव्ह.

काउंटरवर पाच वाक्ये पुरतात

मराठीत ‘एक किलो कांदे द्या’ म्हटले तर त्यात उद्धटपणा नसतो, कारण ‘द्या’मध्येच आदर आहे. इंग्रजीत नुसते ‘गिव्ह मी’ हुकमासारखे ऐकू येते. म्हणून तिथे ‘प्लीज’ लागते.

१. कॅन आय हॅव हाफ अ किलो ऑफ ओनियन्स, प्लीज? (अर्धा किलो कांदे द्या)
२. हाऊ मच इज धिस? (हे केवढ्याला?)
३. आय ॲम जस्ट लुकिंग. (नुसते बघतेय)
४. कॅन आय ट्राय इट ऑन? (घालून बघू का?)
५. डू यू हॅव चेंज फॉर फाइव्ह हंड्रेड? (पाचशेचे सुट्टे आहेत का?)

सुट्ट्यांना ‘लूज मनी’ म्हणू नका, शब्द ‘चेंज’ आहे.

पाकिटावर काय वाचायचे?

पाटी मराठीत असली तरी पाकिटाचा नियम वेगळा आहे. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या केंद्रीय नियमांनुसार किंमत, वजन यांसारखी माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत असली की पुरते. मराठीची सक्ती नाही. त्यामुळे बिस्किटाच्या पुड्यावर सगळा मजकूर इंग्रजीत असला तरी तो नियमाला धरून असतो. निदान एवढे शब्द ओळखता आले पाहिजेत.

- एमआरपी : सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत. दुकानदार यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. कमी घेऊ शकतो, त्यामुळे घासाघीस जरूर करा.
- नेट क्वांटिटी : वेष्टन सोडून आतल्या मालाचे वजन किंवा माप. किंमत तीच ठेवून पुडा हलका केलेला असेल तर ते इथेच कळते.
- बेस्ट बिफोर : या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम राहतो.
- एक्सपायरी किंवा यूज बाय : या तारखेनंतर वस्तू वापरायची नाही. औषध घेताना ही तारीख काउंटरवरच वाचा.

बिलावरची ती ओळ

‘गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक’ ही ओळ अनेक बिलांच्या तळाशी असते. अर्थ सरळ आहे : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ती वाचून अनेक जण सदोष वस्तू घेऊन मुकाट्याने घरी परततात.

पण बिलावर ओळ छापली म्हणून कायदा बदलत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत वस्तू परत करता येते. हा हक्क सदोष मालापुरता आहे. रंग आवडला नाही म्हणून साडी बदलून देणे दुकानदाराच्या मर्जीवर असते.

दुकानात म्हणायचे वाक्य छोटे आहे : ‘धिस इज डिफेक्टिव्ह. आय वॉन्ट अ रिफंड.’ ठाकूरद्वारला हे मराठीत सांगितले तरी चालते, हक्क तोच राहतो. रिफंड म्हणजे पैसे परत, एक्स्चेंज म्हणजे वस्तू बदलून. बदली वस्तू किंवा क्रेडिट नोट पुढे केली आणि तुम्हाला पैसेच हवे असतील, तर हा फरक तिथेच बोलून दाखवा. दुकानदाराने ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतूनही तक्रार करता येते. त्यासाठी बिल जपून ठेवा.

सुरुवात आजच करता येईल. घरातला एखादा पुडा घ्या आणि त्यावर एमआरपी, नेट क्वांटिटी आणि तारीख शोधा. बाजारातून आल्यावर बिलाचा तळ वाचा. अडलेला शब्द मुलांना विचारायला संकोच वाटू देऊ नका. त्यांनाही कदाचित पावणेदोनला इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत नसेल.