वारा घरात, पवनचक्की सड्यावर

रत्नागिरी जिल्ह्यातल्या विजेची चर्चा नेहमी मोठ्या आकड्यांत होते. अंजनवेलचा १,९६७ मेगावॅटचा दाभोळ प्रकल्प, जयगडचं कोळशावरचं १,२०० मेगावॅटचं केंद्र, जैतापूरला योजलेल्या ९,९०० मेगावॅटच्या अणुभट्ट्या. या तिन्हींवर इतकं लिहिलं आणि भांडलं गेलं की चौथी गोष्ट मागेच पडली. १९८६ साली देशात पवनऊर्जेची पहिली केंद्रं उभी राहिली, तेव्हा गुजरातेतलं ओखा आणि तामिळनाडूतलं तिरुनेलवेली यांच्या जोडीला रत्नागिरीच्या किनाऱ्याचं नाव होतं. यंत्रं डेन्मार्कच्या वेस्टास कंपनीची, प्रत्येकी ५५ किलोवॅटची. पुढे हा उद्योग घाट चढून गेला. साताऱ्याचं वनकुसवडे आणि चाळकेवाडीचं पठार, धुळ्याचं ब्राह्मणवेल ही त्याची मोठी ठाणी झाली.

किनाऱ्यावरचा वारा मात्र होता तिथेच आहे. म्हणून घर किंवा सोसायटी बांधणारा माणूस रास्त प्रश्न विचारतो, की समुद्रावरून एवढा वारा येतो, तर गच्चीवर पवनचक्की बसवून इमारतीची वीज इमारतीवरच का करू नये?

पहिली पवनवीज घरगुतीच होती

ही कल्पना नवी नाही. वाऱ्यापासून वीज करण्याची सुरुवातच मुळी घरापासून झाली. १८८७ साली स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क गावी प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी आपल्या सुटीतल्या घराच्या बागेत पवनचक्की उभारून घरात दिवे लावले. उरलेली वीज रस्त्यावरच्या दिव्यांसाठी देऊ केली, तर गावकऱ्यांनी ती सैतानी करणी म्हणून नाकारली. त्याच सुमारास अमेरिकेत क्लीव्हलँड इथे चार्ल्स ब्रश यांनी बंगल्यामागे १७ मीटर व्यासाचं चक्र उभारलं आणि तळघरात ४०८ बॅटऱ्या मांडल्या. ही यंत्रणा सुमारे २० वर्षं चालली.

या दोघांनीही चक्की घरावर चढवली नाही. ती घराशेजारी, मोकळ्या जागेत, स्वतंत्र आधारावर उभी केली.

इमारतीवर चढलेली पाती

इमारतीच्या अंगातच पाती बसवण्याचा नावाजलेला प्रयोग बहारीनचा. तिथल्या २००८ साली पुऱ्या झालेल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन मनोरे शिडांच्या आकाराचे आहेत. समुद्रावरचा वारा त्यांच्या मधल्या फटीत वेग घेतो आणि तिथल्या तीन पुलांवर २९ मीटर व्यासाची, प्रत्येकी २२५ किलोवॅटची चक्रं आहेत. इमारतीच्या गरजेच्या ११ ते १५ टक्के वीज त्यांतून मिळेल, असा आराखड्यातला अंदाज होता. म्हणजे सगळी वास्तू वाऱ्यासाठी घडवूनही अपेक्षा एवढीच. शिवाय ती कचेऱ्यांची इमारत, रात्री झोपण्याची नव्हे.

राहत्या इमारतीचं उदाहरण लंडनचं. २०१० साली उभ्या राहिलेल्या स्ट्राटा या ४३ मजली मनोऱ्याच्या माथ्यावर ९ मीटर व्यासाची तीन चक्रं आहेत. गरजेच्या ८ टक्के वीज त्यांतून अपेक्षित होती. प्रत्यक्षात चक्रं बहुतेक वेळ थांबलेलीच दिसतात अशी टीका झाली आणि त्याच वर्षी या इमारतीला ब्रिटनमधल्या सर्वांत कुरूप नव्या इमारतीचा कार्बंकल कपही मिळाला.

याहून बोलकी आहे २००९ साली जाहीर झालेली ब्रिटनमधलीच वॉरिक चाचणी. इमारतींवर बसवलेल्या २६ छोट्या पवनचक्क्यांची तिने प्रत्यक्ष मोजणी केली. बंद पडल्याचा काळ धरून एका यंत्राची रोजची सरासरी पाव युनिटही भरली नाही. उंच इमारतींवरच्या यंत्रांना वारा चांगला मिळत होता. पण तिथेच आवाजाबद्दल रहिवाशांच्या तक्रारी आल्या आणि ती बंद ठेवावी लागली.

घनाचा हिशेब

असं का होतं, याचं उत्तर एका सूत्रात आहे. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्शावर येते. त्यातलीही ५९.३ टक्क्यांहून अधिक कुठलंच यंत्र काढू शकत नाही. ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ओळखली जाते. छोटी यंत्रं प्रत्यक्षात २५ ते ३० टक्क्यांवर थांबतात.

गच्चीवर शोभेल असं २ मीटर व्यासाचं चक्र घेऊ. सेकंदाला ६ मीटर वेगाच्या वाऱ्यात ते सुमारे १२० वॉट देईल. वेग ३ मीटरवर आला की १५ वॉट, म्हणजे एका एलईडी दिव्यापुरते. वर्षाची सरासरी ४ मीटर धरली, तर अशा चक्राकडून वर्षाला सुमारे ५०० युनिटं मिळतील. सरासरी ३ मीटर असेल, तर जेमतेम २००. उलट एक किलोवॅटचं सौर पॅनल रोजच्या ४ युनिटांच्या हिशेबाने वर्षाला १,४०० युनिटांच्या आसपास देतं. त्यात फिरणारा भाग एकही नाही.

रत्नागिरीच्या गच्चीची अडचण

आता आपल्या गच्चीवर येऊ. किनाऱ्यालगतचं घर असतं माडा-पोफळीच्या वाडीत. वाढलेला माड २० मीटरच्या वर जातो. पवनचक्कीचं चक्र १५० मीटरच्या परिसरातल्या कुठल्याही अडथळ्याहून किमान ९ मीटर उंच असावं, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा. त्या हिशेबाने वाडीतल्या दुमजली घराला चक्र जमिनीपासून ३० मीटर उंचीवर हवं. त्यासाठी लागणारा खांब घरावर बसणार नाही. शहरातल्या अपार्टमेंटची गच्ची उंच असते. पण सपाट छताच्या कडेवर आपटलेला वारा उसळतो, फाटतो आणि भोवरे करतो. अशा वाऱ्यात पाती सारखी दिशा बदलत राहतात, वीज कमी होते आणि बेअरिंग लवकर झिजतात. कुठूनही आलेला वारा घेणारी उभ्या आसाची यंत्रं यावर उपाय म्हणून विकली जातात. त्यांना तोंड फिरवावं लागत नाही हे खरं, पण वाऱ्यात शक्तीच नसेल तर तीही ती कुठून आणणार?

दुसरी गोष्ट वादळाची. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, ३ जून २०२० रोजी निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते. निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तरी दापोली आणि मंडणगड तालुक्यांनी त्याचा मार सोसला. यंत्र ६ मीटरच्या वाऱ्यात काम करतं. वादळात वेग ३० मीटरवर गेला की त्याच्यावरचा रेटा २५ पट होतो. तो खांबातून स्लॅबवर आणि स्लॅबमधून कॉलमवर येतो. एरवीही खांबाची थरथर खालच्या खोलीत ऐकू येतेच. शिवाय ज्या गावात गळती थांबवायला चांगल्या स्लॅबवर पत्र्याची शेड घालावी लागते, तिथे त्याच स्लॅबला बोल्टसाठी भोकं पाडणं शहाणपणाचं नाही. खारी हवा तर लोखंड, नटबोल्ट, तारांची टोकं, काहीच सोडत नाही.

वाऱ्याचं पहिलं काम

मग या वाऱ्याचा घराला उपयोग नाही का? आहे, आणि तो वीज करण्याहून मोठा आहे. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे ही कोकणपट्टीची रोजची व्यवस्था. जुन्या घराने ती ओळखली होती. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, कौलांच्या फटींतून निघून जाणारी गरम हवा, पश्चिमेला पडवी आणि पावसाळ्यात तिला बांधलेले झाप. माजघर अंधारं राहायचं, हा दोषही होताच. पण वारा आत घ्यायचा आणि पाऊस बाहेर ठेवायचा, हा मेळ त्या घराला साधला होता.

चार्ल्स कोरिया यांनी तीच गोष्ट मुंबईत उंच इमारतीत करून दाखवली. १९८३ साली पूर्ण झालेली कांचनजंगा ही इमारत समुद्राचा वारा मिळावा म्हणून पूर्व-पश्चिम तोंडाची आहे. त्याच बाजूंनी ऊन आणि पाऊसही येतो, म्हणून प्रत्येक घराला खोल, दोन मजली उंचीची बागेची गच्ची दिली आहे. पडवीच ती, फक्त आकाशात नेलेली.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८ सालच्या इको निवास संहितेने याला आकडा दिला आहे. उष्ण-दमट हवामानात खिडक्या-दारांचं उघडणारं क्षेत्र घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवं. ६०० चौरस फुटांच्या फ्लॅटला १०० चौरस फूट. चार बाय चारची सरकती खिडकी कागदावर १६ चौरस फूट दिसते, पण तिचा अर्धाच भाग उघडतो. आपल्या अनेक नव्या इमारती या एका कसोटीवर अडतील.

आता पंख्यांचा हिशेब करू. जुना छताचा पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज १० तास चालणारे चार पंखे बदलले, तर वर्षाला साडेसहाशे युनिटं वाचतात. गच्चीवरची पवनचक्की चांगल्या वाऱ्यात देईल त्याहून ही जास्त आहेत. आणि वारा आरपार वाहणाऱ्या घरात पंखे तरी किती तास लागतील?

पवनचक्कीची जागा

तरीही पवनचक्की बाद करू नये, कारण तिचा हंगाम नेमका सूर्याच्या उलट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे पॅनलची वीज उन्हाळ्याच्या जवळपास निम्म्यावर येते, तेव्हाच नैर्ऋत्येचा वारा भरात असतो. दोन्हींचा मेळ घालायचा तर चक्कीची जागा आहे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर. तिथे माड नाहीत, इमारती नाहीत, वारा सरळ येतो. तिथे एका घराची नव्हे, वाडीची किंवा सोसायटीची मिळून एक मध्यम चक्की उभारावी. खांब वादळाआधी आडवा करता येईल असा घ्यावा. ग्वादलुप या कॅरिबियन बेटावर अशाच चक्क्या चालवल्या जातात. जागा निवडण्याआधी निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्याच उंचीवर वारा मोजावा. आणि सडा म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे विसरू नये. अशाच सड्यांवर कोरलेली कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. कातळाला हात लावण्याआधी तो नीट पाहायला हवा.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे २०१९ चे छतावरच्या विजेबाबतचे नियम फक्त सौर नव्हे, एकूण नवीकरणीय ऊर्जेसाठी आहेत. पण केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेतलं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान केवळ सौर पॅनललाच मिळतं. पावसाळ्यात वीज देणाऱ्या सामुदायिक पवनचक्कीलाही तसा आधार मिळावा, ही मागणी कोकणाने करायला हवी.

घर बांधणाऱ्यांना सांगणं एवढंच, की आधी नकाशात वारा आणा, मग छतावर सूर्य, आणि चक्कीचा विचार शेवटी, तोही शेजाऱ्यांना बरोबर घेऊन. आर्किटेक्टला पहिल्या बैठकीत विचारायचा प्रश्न गच्चीवर काय बसवायचं हा नाही. पश्चिमेचा वारा आत येऊन कुठून बाहेर पडणार, हा आहे. त्याचं उत्तर नकाशावर दिसेपर्यंत सही करू नका.