भरल्या पोटी मरणारी पिल्लं

मादाई हा जपान्यांच्या लग्नकार्यातला मासा. तांबूस, देखणा, ताटात अख्खा वाढायचा. त्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं आणि त्याला तोंडही फुटलेलं नसतं. बलकाच्या शिदोरीवर तीन-चार दिवस निघतात. मग तोंड उघडतं. त्या वेळी समोर तोंडात मावेल असं, हलतं-डुलतं काही नसेल तर खेळ खलास.

१९७०च्या दशकात जपानच्या मत्स्यबीज केंद्रांत मात्र कोडं वेगळंच होतं. पिल्लांना खाणं मुबलक होतं, ती खातही होती. आणि तरी मरत होती.

त्यांचं खाणं म्हणजे रोटिफर. मिलिमीटरच्या पाव हिश्शाएवढा हा जीव डोक्यावरच्या केसांनी पाण्यात भोवरा करतो आणि त्यात ओढलं जाणारं शैवाल गिळत राहतो. मत्स्यशेतीत त्याची पहिली ओळख झाली ती आरोपी म्हणून. जपानमधल्या ईलच्या तळ्यांचं हिरवंगार पाणी अधूनमधून अचानक रंग पालटायचं, त्यातला प्राणवायू घटायचा आणि ईल पटापट मरायचे. मिए प्रांताच्या विद्यापीठातले ताकाशी इतो यांनी या प्रकाराचा पाठपुरावा केला. तळ्यात रोटिफर बेसुमार वाढले की ते सगळ्या शैवालाचा फडशा पाडतात, असा त्याचा उलगडा झाला.

दुसऱ्या कुणी मग रोटिफर मारायचं औषध शोधलं असतं. इतोंनी उलटा विचार केला. इतक्या झपाट्यानं वाढणारा, संथ पोहणारा, इवलासा प्राणी माशांच्या पिल्लांना का घालू नये? १९६० साली त्यांनी तो समुद्राच्या पाण्यात वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली आणि आयू नावाच्या माशाच्या पिल्लांसाठी तो सुचवला. मला तरी या सगळ्या कथेतली ही सर्वांत धाडसी उडी वाटते.

१९६३पासून सेतोच्या अंतर्गत समुद्रात पिल्लं वाढवून सोडण्याचा सरकारी उपक्रम सुरू झाला आणि रोटिफरची मागणी वाढली. रोटिफर हवेत तर शैवाल हवं. केंद्रांमध्ये टाक्याच्या टाक्या भरून एक सूक्ष्म हिरवं शैवाल वाढवत. त्याला सगळे ‘समुद्री क्लोरेला’ म्हणत. पण शैवाल म्हणजे उन्हाचा खेळ. आभाळ भरून आलं की वाढ मंदावते, आणि जागा तर केवढी लागते! १९६७ साली हिराता आणि मोरी यांनी तोडगा काढला: पाव फुगवायचं यीस्ट. स्वस्त, पोत्यानं मिळणारं, पावसापाण्याची पर्वा नसलेलं. रोटिफर त्यावर मजेत वाढले. शैवालाच्या टाक्यांची कटकट गेली असंच सगळ्यांना वाटलं.

आणि पिल्लं मरायला लागली.

नागासाकीच्या प्रांतीय मत्स्य संशोधन केंद्रातले किताजिमा आणि कोदा यांचा १९७६चा प्रयोग साधा होता, पण नेमका होता. यीस्टवर पोसलेले रोटिफर त्यांनी पिल्लांना देण्याआधी पुन्हा शैवालाच्या हिरव्या पाण्यात ठेवले. तेच रोटिफर, तोच आकार. पण या वेळी मादाईची पिल्लं तगली. म्हणजे घात रोटिफरमध्ये नव्हता, त्याच्या शेवटच्या जेवणात होता.

आता त्या जेवणात काय कमी होतं, ते शोधायचं राहिलं. तोक्यो मत्स्य विद्यापीठातले वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारच्या रोटिफरांचं विश्लेषण केलं. प्रथिनांत फारसा फरक नव्हता. फरक निघाला चरबीत. शैवाल खाल्लेल्या रोटिफरमध्ये ईपीए हे ओमेगा-३ मेदाम्ल भरपूर होतं, यीस्टवाल्यांत त्याचा जवळजवळ दुष्काळ. समुद्री माशांना ही लांब साखळीची मेदाम्लं स्वतः पुरेशी बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच मिळावी लागतात. ती नसली की पोहण्याचा वाताशय नीट तयार होत नाही, कणा वाकतो. पिल्लांचा दम पाहायची तपासणीही तितकीच निष्ठुर होती: जाळीनं पिल्लं उचलायची, काही सेकंद हवेत धरायची, परत पाण्यात सोडायची आणि किती जगली ते मोजायचं.

गंमत म्हणजे ते शैवाल क्लोरेला नव्हतंच. खऱ्या क्लोरेलात ईपीए नसतं. १९८६ साली त्याची खरी ओळख पटली: नॅनोक्लोरोप्सिस. गट वेगळा, घराणंच वेगळं. मात्र मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला लागणारं डीएचए हे मेदाम्ल त्याच्यातही नाही. म्हणून पुढे रोटिफरना आयसोक्रायसिससारखं दुसरं शैवाल किंवा माशाच्या तेलाचं मिश्रण चारण्याची पद्धत रूढ झाली.

रोटिफरच असे सकस झाल्यावर पिल्लांच्या टाकीत वेगळं शैवाल ओतायचं कारण उरायला नको होतं. पण १९९२ साली नॉर्वेच्या संशोधकांनी दाखवलं, की हॅलिबटची पिल्लं नितळ पाण्यापेक्षा हिरव्या पाण्यात चांगली खायला लागतात. हिरव्या पाण्यात उजेड पसरतो, भक्ष्य उठून दिसतं, टाकीतले रोटिफर उपाशी राहत नाहीत, जिवाणूंची घडीही बदलते. यातलं नक्की कुठलं कारण वरचढ, यावर अजून वाद आहेत. काही हॅचऱ्या तर शैवालाचा खर्च वाचवायला पाण्यात चिकणमाती कालवतात, आणि निदान उजेडापुरता तिचा उपयोग होतोही. आपल्याकडेही हीच रीत आहे. रायगडकरांच्या आवडत्या जिताडा माशाचं नियंत्रित प्रजनन भारतात चेन्नईच्या केंद्रीय संस्थेत १९९७ साली साधलं. त्याच्या पिल्लांचा पहिला घासही शैवालावर वाढलेला रोटिफरच असतो.