आठ तासांची नोकरी, बारा तासांचा दिवस

आमच्या बेंबळीत व्यापाऱ्याचे घर बहुधा दुकानाच्या मागेच असते. घरातून गल्ल्यापर्यंत वीस पावले. त्यामुळे कामावर जाण्यायेण्यास किती वेळ लागतो, हा हिशेब आपल्या घरांत कोणी मांडत नाही. माझा पुतण्या संयुक्त अरब अमिरातीतील एका मोठ्या मनोरंजन उद्यानात तिकीटखिडकीवर लागला, तेव्हा बँकेत उभी हयात घालवूनही तो हिशेब मलाही सुचला नव्हता. आम्ही सर्वांनी एकच प्रश्न विचारला : पगार किती?

तेथे हा व्यवसाय झपाट्याने वाढला आहे. अबुधाबीच्या यास बेटावर २०१० साली फेरारी वर्ल्ड सुरू झाले. २०१८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आणि २०२३ मध्ये सीवर्ल्ड आले. दुबईच्या बाजूस मोशनगेट व लेगोलँड आहेत. पाहुण्यास झगमगाट दिसतो; कर्मचाऱ्याचा दिवस मात्र बसच्या वेळापत्रकावर चालतो.

पुतण्याच्या राहण्याची सोय कंपनीचीच होती, पण वसाहत उद्यानापासून दूर. बसची वाट पाहणे, प्रवास, मग गणवेश चढवून खिडकीवर पोहोचणे, यांत दीड तास जाई, परततानाही तेवढाच. बस चुकली की टॅक्सीचे भाडे खिशातून. तेथील कायद्यानुसार दिवसाचे काम आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. मधली एक तासाची सुट्टी कामात धरत नाहीत आणि घर ते कामाची जागा हा प्रवासही सर्वसाधारणपणे धरला जात नाही. आता बेरीज करा : आठ अधिक एक अधिक तीन, म्हणजे बारा तास. सहा दिवसांचे बहात्तर. पगार मात्र अठ्ठेचाळीस तासांचा. ताशी मिळकत आपण समजतो त्याच्या दोनतृतीयांशच उरते.

शिवाय जगाची सुट्टी हाच उद्यानाचा गर्दीचा दिवस. ईदला श्वास घेण्यास फुरसत नसे आणि दिवाळीही खिडकीवरच गेली. दुपारची पाळी असली की सुटका रात्री दहाला. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम मोडू नये म्हणून त्याने वरिष्ठांना विनंती करून मधली सुट्टी सायंकाळी आधी मागून घेतली. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. "काका, पहिल्या महिन्यात मागायला संकोचलो, तेच चुकले," असे तो फोनवर म्हणाला.

तो तेथे दोन वर्षे राहिला. वक्तशीरपणा शिकला, अनेक देशांच्या माणसांशी बोलण्याची भीड चेपली, शिल्लकही टाकली. म्हणून जाऊ नका, असे मी कोणास सांगत नाही. निघण्यापूर्वी काही गोष्टी मात्र लेखी पाहाव्यात. वसाहत कोठे, बस कोणाची, भाडे कोणाचे? मूळ वेतन किती? कारण वर्ष पूर्ण झाल्यावर मिळणारी सेवासमाप्तीची रक्कम मूळ वेतनावरच मोजतात; पहिली पाच वर्षे दरवर्षी एकवीस दिवसांचे वेतन. भरतीचा खर्च तेथील कायद्याने मालकावर आहे. आपल्याकडील दलाल शासनाकडे नोंदणीकृत आहे ना, हे तपासावे. पारपत्र स्वतःजवळच ठेवावे. अनिवासी झाल्यावर येथील बचत खाते एनआरओ करून घ्यावे. तिकडची कमाई एनआरई खात्यात ठेवल्यास त्यावरील व्याजास येथे आयकर नाही.

गेल्या महिन्यात गावातील एक स्नेही मुलाचे नियुक्तिपत्र घेऊन आले. पगाराचा आकडा त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केला होता. आम्ही दोघांनी बसून मागच्या कोऱ्या बाजूवर मुलाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, तासागणिक मांडला. मुलगा शेजारी बसून पाहत होता. मग त्याने स्वतःच कंपनीला विचारणा लिहिली : वसाहत कोठे आहे आणि पहिली बस किती वाजता सुटते? उत्तर आल्यावरच तो होकार कळवणार आहे.