चेंबरखालची ढाल

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चेलाडी फाट्याला उजवीकडे वळलं की नसरापूर, मार्गासनी, विंझर करत रस्ता वेल्ह्याला जातो. थोडं पुढे कापूरहोळला वळलं की भोर. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या दोन्ही रस्त्यांना पुण्याच्या गाड्यांचा पूर येतो. कुणाला तोरणा-राजगड चढायचा असतो, कुणाला केळदजवळच्या मढे घाटातला धबधबा बघायचा असतो, कुणी नुसतंच भाटघरच्या पाण्याकडेनं चक्कर मारून, मटण-भाकरी खाऊन परततं. रविवारी दुपार कलली की यातल्याच काही गाड्या रस्त्याकडेच्या गॅरेजसमोर उभ्या दिसतात. तक्रार ठरलेली असते: "साठच्या पुढं गेलं की खालून फडफड वाजतंय."

जागेवर उभ्या गाडीत बारीक खडखड येत असेल तर मिस्त्री सायलेन्सरचा पत्रा बघतो. वेगाबरोबर वाढणारी फडफड म्हटल्यावर मात्र तो बॉनेटला हातही लावत नाही. पोतं अंथरून थेट गाडीखाली जातो. तिथं इंजिनाच्या पोटाखालचं काळं प्लास्टिक एका कोपऱ्यातून लोंबत असतं, आणि त्यावर चिखलाचा थर बसलेला असतो.

कंपनीच्या कागदावर त्याचं नाव अंडर कव्हर, गॅरेजात इंजिन गार्ड. गाडीच्या सगळ्या भागांत इतकं दुर्लक्षित दुसरं काही नसेल. त्याच्यावरच चेंबर, म्हणजे तीन-चार लिटर ऑइल सांभाळणारं इंजिनाचं तळपात्र. त्या चेंबरला दगडापासून वाचवणं हे गार्डचं काम सगळ्यांना कळतं. पण बाजूनं फिरणाऱ्या पट्ट्यावर आणि अल्टरनेटरवर डबक्यातलं पाणी उडू न देणं, पुढून आलेली हवा रेडिएटरमधून गेल्यावर ती नीट मागं काढून देणं, ही कामंही त्याचीच. "काढून टाका ना, कशाला पाहिजे ते," असं म्हणणारं गिऱ्हाईक रोज भेटतं. काढून टाकलं तर गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, म्हणून तो सल्ला शहाणपणाचा वाटतो इतकंच. नाचणीएवढे खडे पट्ट्यात जायला लागले की त्याचं बिल सहा महिन्यांनी येतं.

आता गंमत अशी, की गार्ड स्वतः क्वचितच फुटतो. जातात ती त्याची भोकं. एक बोल्ट सर्व्हिसिंगच्या वेळी हरवतो. ऑइल बदलायला गार्ड उतरवावा लागतो आणि परत बसवताना कुणाला तरी घाई असते. एका बोल्टाचा भार शेजारच्या दोघांवर पडतो. इंजिनाच्या उष्णतेनं प्लास्टिक बोल्टाच्या डोक्याखाली हळूहळू दबतं, पकड सैल होते, कव्हर एका-दोन मिलिमीटरनं हलू लागतं, आणि हलणारा बोल्ट गोल भोकाची लांबट फट करून टाकतो. मग एखाद्या दिवशी बोल्टाचं डोकंच त्या फटीतून पार होतं.

वेल्ह्याकडे हे लवकर घडतं त्याला कारणं आहेत. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर खाचरातून थेट डांबरावर येतात आणि चाकांचा चिखल रस्त्यावर पसरतो. तोच उडून गार्ड आणि इंजिन यांच्यामधल्या पोकळीत साचतो. सुकलेल्या चिखलाचं ते ओझं दिवसरात्र बोल्टांना टांगलेलं राहतं. दुसरं कारण गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असावा. गावोगावी रातोरात उभे राहतात ते निम्म्याहून अरुंद आणि मनाला येईल तेवढे उंच. रिकाम्या छोट्या मोटारीचं पोट जमिनीपासून १६-१७ सेंटिमीटरवर असतं. पाच माणसं आणि मागं तांदळाची पोती टाकली की त्यातले काही सेंटिमीटर गेलेच. वडापच्या जुन्या जीप आणि ट्रॅक्स याच रस्त्यांनी हयात काढून गेल्या, पण त्या उंच चेसिसवर उभ्या होत्या. त्यांचा आणि या गतिरोधकांचा कधी वाद झाला नाही.

दुरुस्ती म्हणाल तर रस्त्यात सगळेच एक काम करतात: केबल टाय. त्याची टिंगल करू नये, घरापर्यंत पोचवतो तो. फक्त दोन जागा सांभाळाव्यात. सायलेन्सरजवळ तो वितळतो. आणि गार्डची पुढची कड कधीही टायच्या भरवशावर सोडू नये. मागचा कोपरा सुटला तर गार्ड नुसता घासत येतो. पुढची कड सुटली तर ती वारा धरते, रस्त्याला टेकते आणि सगळं कव्हर चाकाखाली दुमडतं.

पक्कं काम असं. आधी चिखल खरवडून गार्ड पूर्ण उतरवायचा, धुवायचा आणि उजेडात धरायचा. चीर गेली असेल तर तिच्या टोकाला बारीक ड्रिलनं एक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढं पळत नाही. मग झिजलेल्या भोकावर वर आणि खाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे चौकोनी तुकडे ठेवून चारी कोपऱ्यांत रिव्हेट मारायचे. प्लास्टिक मधे दाबलेलं राहतं. नवं भोक या पत्र्यात पाडायचं, आणि ते बोल्टापेक्षा किंचित मोठं. इथं नवशिका चुकतो. त्याला घट्ट म्हणजे चांगलं असं वाटतं. पण प्लास्टिक तापून फुगतं, त्याला सरकायला जागा हवी. खाली मोठा वायसर, आणि जमलं तर भोकात पोलादी नळीचा तुकडा, प्लास्टिकच्या जाडीएवढा. मग कितीही आवळलं तरी जोर नळीवर येतो, प्लास्टिक चेपत नाही.

खरी डोकेदुखी गार्डची नसतेच, वरच्या चौकटीला वेल्ड केलेल्या नटाची असते. पावसात गंजून त्याचे आटे जातात. कापूरहोळ-भोर रस्त्यावरच्या एका मिस्त्रींनी गाडीखालूनच आवाज दिला होता, "साहेब, हा बोल्ट नुसता फिरतोय. आटं मेलं." सहाचा बोल्ट होता, दहाच्या पान्याचा. पोरानं ड्रिल पुढं केलं तर म्हणाले, "थांब रे, आधी डिझेल सोड, गंज पिऊ दे." मग ६.८ मिलिमीटरच्या ड्रिलनं नटाचं भोक मोठं केलं, आठाचा टॅप धरला आणि अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं असं करत नवे आटे कापले. प्रत्येक वेळी लोखंडाचा चुरा मिस्त्रींच्या गालावर पडत होता. बोल्टाला ग्रीस लावून तो आधी हातानंच चढवला. पाना शेवटच्या दोन फेऱ्यांना. नट निखळूनच आला असता तर तिथं रिव्हेट नट बसवला असता, असं त्यांनी चहा घेताना सांगितलं.

काही जण वैतागून जाड लोखंडी प्लेट बसवून घेतात, काही तर गार्डला सरळ वेल्डिंगचे टाके मारतात. मला दोन्ही पटत नाही. टाके मारलेला गार्ड पुढच्या ऑइल बदलाला ग्राइंडरनं कापावा लागतो. लोखंडी प्लेटला हवा जायला आणि ऑइल काढायला नीट खिडक्या नसतील तर उन्हाळ्यात वरंध घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो, आणि बसलेला मार प्लेट न वाकता थेट चौकटीला देते. जोराचा दगड लागला तर आधी रिव्हेट तुटावा, मग पत्रा, मग प्लास्टिक. चौकट आणि चेंबर सर्वांत शेवटी. रिव्हेट कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. चेंबर मात्र कंपनीकडून मागवावा लागतो, नाहीतर पुण्याला नाना पेठेत शोधत हिंडावं लागतं, तोवर गाडी भोरलाच.

गार्ड चढवताना मिस्त्री सगळे बोल्ट आधी सैल लावतात, पुढची कड सरळ बसलीय का बघतात आणि मगच आवळतात. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर एकदा पाना फिरवून घ्या, असं बजावतात. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी देताना गार्डचे बोल्ट मोजून कार्डावर लिहून द्या.